तक्त्याआधी सह्या

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली. दोन कंपन्यांची एक झाली, आता माणसांचं काय? पहिलं पत्र मोठं आहे आणि माझं उत्तर त्याहून मोठं झालंय. बाकीच्या दोघांना थोडक्यात उरकलंय, पण त्यांनी रागावू नये. त्यांचे प्रश्न सोपे आहेत म्हणून उत्तर छोटं आहे.

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, पावणेदोनशे माणसं. आमच्या मालकांनी गोकुळ शिरगावची एक मशीन शॉप कंपनी घेतली. आमचीच कास्टिंग (ओतलेले भाग) तिथं मशीनिंगला जायची. तिथं नव्वदएक लोक आहेत. एनसीएलटीचा, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, विलीनीकरणाचा आदेश झाला. साहेबांनी मला सांगितलंय, दिवाळीच्या आत नवा ऑर्गनायझेशन चार्ट लाव. परचेसला दोन मॅनेजर, अकाउंट्सला दोन, क्वालिटीला दोन, एचआरला दोन, आणि त्यातला एक मीच. त्यांचा सुपरवायझर आमच्या असिस्टंट मॅनेजरपेक्षा जास्त पगार घेतो. तिकडचे परचेस मॅनेजर जुन्या मालकांचे मेहुणे. मी तीन चार्ट काढले, तिन्ही परत आले. शेवटचा बघून साहेब म्हणाले, "यात माणसं कमी कुठं झाली?" सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचे चार्ट मी पाहिलेले नाहीत, पण कसे असतील ते सांगते. प्रत्येक चौकोनात आधी नाव लिहिलं असेल आणि मग त्या नावाला शोभेल असं काम. परचेसच्या चौकोनात दोन नावं मावेनात, म्हणून एकाला "परचेस" आणि दुसऱ्याला "स्ट्रॅटेजिक सोर्सिंग" केलं असेल. हे मला ओळखता येतं, कारण मी स्वतः हेच करून बसले आहे.

१९९७ साल. भोसरीतली एक प्रेस शॉप आणि साताऱ्याची एक, अशा दोन कंपन्या एक झाल्या. मी पर्सोनेल ऑफिसर. ड्रॉइंग ऑफिसमधून ट्रेसिंग पेपर आणला आणि रॉट्रिंगच्या पेनानं तक्ता काढला. इतका देखणा, की एमडींनी फ्रेम करून घेतला. भोसरीच्या स्टोअर्समध्ये त्या तक्त्याप्रमाणे एक क्लार्क जादा ठरत होता. वय त्रेपन्न, शिक्षण अकरावी, इंग्रजीची बोंब. त्यांना व्हीआरएस दिली. नारळ, शाल, स्टीलचा डबा, गेटवर फोटो.

दीड महिन्यानं एका ब्रॅकेटची तातडीची ऑर्डर आली आणि तिची डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) सापडेना. डाय जॉबवर्कवाल्याकडे होती, पण कुठल्या? रिटर्नेबल गेटपासचं रजिस्टर काढलं. नोंदी सगळ्या होत्या, अक्षर सुंदर, तारखा चोख. फक्त पार्टीच्या नावाच्या जागी लिहिलेलं असायचं: "टाकीजवळचा", "शेठ", "नवा पोरगा, सेक्टर सात". पुढचे अकरा दिवस मी लुनावरून भोसरीच्या गल्ल्या फिरले आणि चार डाय शोधल्या. शेवटी त्या क्लार्ककाकांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला. काकांनी डोळे मिटून एकोणीस जणांची नावं, पत्ते आणि कुणाकडे कुठली डाय आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, जाताना कुणी विचारलं असतं तर लिहून दिलं असतं की."

तेव्हापासून मी तक्त्याला हात लावण्याआधी एक वही करते. दोन आठवडे, दोन्ही प्लँटमध्ये, ज्या ज्या कागदावर कुणाची सही होते तो कागद लिहून काढायचा. रजेचा अर्ज, ओटीची स्लिप, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), गेटपास, रिजेक्शन नोट, पगाराची उचल, कँटीनचं बिल, डिस्पॅचचं चलान. प्रत्येकापुढे चार गोष्टी: शिरोलीत सही कोण करतं, गोकुळ शिरगावला कोण करतं, किती रकमेपर्यंत, आणि तो माणूस रजेवर असला तर कोण. आता निम्म्या सह्या कॉम्प्युटरवरच्या अप्रूव्हल असतात हे मला माहीत आहे. तिथं लॉगिन कुणाच्या नावाचं आहे ते बाजूला ठेवा, पासवर्ड कुणाला पाठ आहे ते लिहा. व्हॉट्सॲपवरचा अंगठासुद्धा सहीच धरा.

ही वही भरत आली की गमती दिसायला लागतात. एसजी आयर्नची (चिवट ओतीव लोखंडाची) हीट, म्हणजे भट्टीतली एक खेप घ्या. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की धातू काही मिनिटांत ओतावा लागतो, नाहीतर ट्रीटमेंट वाया. सँपल किंचित इकडंतिकडं आलं तर ओतायचं की थांबायचं? कागदावर हा अधिकार क्वालिटी मॅनेजरचा. पण रात्री दोनला ते घरी झोपलेले असतात आणि फोन लागेपर्यंत भट्टी थांबत नाही. ठरवतो तो मेल्टर, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला लॅबमधला पोरगा. हा पोरगा तुमच्या तिन्ही चार्टात नाही, पैजेवर सांगते. नव्या कंपनीत तो कुणाच्या हाताखाली असेल आणि त्याच्या निर्णयाला पाठीशी कोण घालेल, हे आधी ठरवा. जीएम कुणाच्या केबिनमध्ये बसणार ते नंतर ठरलं तरी चालतं.

आता तुमच्या दोन-दोन मॅनेजरांकडे येते. चारही जोड्या तुम्ही एका मापानं मोजल्यात, तिथंच गडबड आहे.

परचेसचे दोघं सारखं नाव लावतात, पण काम सारखं करत नाहीत. तुमचा माणूस स्क्रॅप, पिग आयर्न, फेरो ॲलॉय, रेझिन घेतो आणि स्क्रॅपचा भाव रोज सकाळी बघतो. तिकडचा इन्सर्ट, कूलंट, गेज आणि फिक्स्चर घेतो. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवलंत तर सहा महिने कंपनी त्याच्या शिकण्याची फी भरेल. इथं दोघंही राहू द्या, फक्त दोन्हीकडे सारखा लागणारा माल, म्हणजे पॅकिंग, ऑइल, हँडग्लोव्हज, ट्रान्सपोर्ट, एकाकडेच द्या. मेहुण्यांचं नातं त्यात आणू नका. मालकांना मात्र तोंडावर विचारा, "हे राहणार हे तुमच्यात आधीच ठरलंय का?" ठरलं असेल तर त्या जागेसाठी मुलाखतींचा देखावा करू नका. लोक एकदा फसतात, मग पुढची प्रत्येक मुलाखत त्यांना देखावाच वाटते.

क्वालिटीला मात्र एकच माणूस हवा, दोन्ही प्लँटवर. पूर्वी मशीनिंगला ब्लोहोल (कास्टिंगमधलं हवेचं भोक) उघडं पडलं की तिकडून नुकसानीची डेबिट नोट यायची आणि शिरोलीत बोंब व्हायची. आता दोन्ही खिसे एकाच विजारीचे, त्यामुळे डेबिट नोट बंद, बोंबही बंद. ब्लोहोल मात्र तिथंच. कास्टिंगचा दोष मशीनिंगला सापडला तर तो मोल्डिंगवाल्याच्या टेबलावर नेऊन आदळणारा माणूस दोघांच्या वर बसलेला पाहिजे. माझ्या मते तुमच्या अख्ख्या विलीनीकरणाचा फायदा या एका खुर्चीवर ठरणार आहे. ती सगळ्यात आधी भरा.

अकाउंट्स, पगार, जीएसटी, बँक ही कामं एका जागी येतात. त्यात दोन प्रमुख ठेवायचं कारण नाही. स्टोअर्स, मेंटेनन्स, गेट, लाइनवरची तपासणी ज्या त्या प्लँटचीच राहते. आणि पंचगंगा विसरू नका. तुमचा एक प्लँट नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा वेळी शिरोलीत बसलेला परचेस मॅनेजर गोकुळ शिरगावच्या बंद पडलेल्या कॉम्प्रेसरसाठी काय करणार? म्हणून दोन्हीकडे एकेक माणूस असा ठेवा, ज्याला ठरावीक रकमेपर्यंत कुणालाही न विचारता खर्च करता येईल आणि माणसांना घरी पाठवता येईल. हा अधिकार लेखी द्या, रक्कम आकड्यात लिहा.

"जॉइंट हेड" हा शब्द साहेबांच्या तोंडून आला तर विषय बदला. दोघांना न दुखवायचं म्हणून काढलेली ती पळवाट असते. हाताखालच्या लोकांना महिनाभरात कळतं की रजा कुणाकडे मागायची आणि ॲडव्हान्स कुणाकडे.

पगाराच्या गोंधळाला घाई करू नका, पण तो तसाच ठेवूही नका. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. नाव एक, बोधचिन्ह एक. वैमानिकांच्या पगाराचे आणि ज्येष्ठतेचे हिशेब मात्र वेगळेच राहिले. २०११ मध्ये पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचे, म्हणजे मूळ एअर इंडियाचे वैमानिक संपावर बसले, कारण ड्रीमलायनर या नव्या विमानांच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या बाजूला वाटा मिळत होता. तो संप ५८ दिवस चालला. दोन्हीकडचे पगार आणि ज्येष्ठता जुळवायला नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल आला २०१२ च्या जानेवारीत, म्हणजे लग्नाला पाच वर्षं होत आल्यावर देण्याघेण्याची यादी! तुमच्याकडे विमानं नाहीत, पण सुपरवायझर आहेत.

तुम्ही असं करा: दोन्हीकडची पदनामं तात्पुरती विसरा. कामाच्या आकारावरून सहा-सात श्रेणी करा: हाताखाली किती माणसं, किती रकमेची सही, चूक झाली तर नुकसान केवढं. सह्यांची वही इथं पुन्हा कामाला येते. मग प्रत्येकाला श्रेणीत बसवा. ज्याचा पगार श्रेणीच्या वर जातो त्याचा कमी करू नका. वरची रक्कम "पर्सनल पे" म्हणून वेगळी दाखवा आणि पुढच्या वाढींमध्ये हळूहळू जिरवा. ज्याचा कमी आहे त्याला दोन किंवा तीन वर्षांत वर आणायची तारीख लिहून द्या. "बघू पुढं" म्हणालात तर तो माणूस हातकणंगल्याच्या एखाद्या कंपनीत मुलाखत देऊन आलेला असेल. जाणारे नेहमी चांगले असतात, कारण त्यांनाच कुणीतरी बोलावत असतं.

आता साहेबांचा प्रश्न: माणसं कमी कुठं झाली? त्यांना उलट विचारा, महिन्याला किती रुपये वाचवायचेत? माणसांच्या संख्येत बोलणारा मालक बहुतेक वेळा पैशाचाच विचार करत असतो. मग दोन कँटीनची कंत्राटं, दोन बसचे रूट, दोन सिक्युरिटी एजन्सी, दोन ऑडिटर, दोन्हीकडे पडून राहिलेला माल मांडा. त्यानंतर पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी मांडा. पावणेतीनशेच्या कंपनीत ती यादी साहेबांना वाटते त्याहून लांब निघेल.

इतकं करूनही कामगार कमी करावे लागले तर कायदा नीट बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. कपातीसाठी सरकारची आधी परवानगी घेण्याची मर्यादा पूर्वी १०० कामगारांची होती, ती आता ३०० झाली. तुम्ही तिच्या खाली आहात म्हणून रान मोकळं झालं असं साहेबांना वाटू देऊ नका. एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि शेवटी आलेला आधी जाणार हा नियम, हे सगळं आहेच. आणि "ऑफिसर" असं कार्ड छापलं म्हणून माणूस कामगार राहत नाही असंही नाही. कोर्ट तो दिवसभर काय करतो ते बघतं.

राहता राहिलात तुम्ही. एचआरच्या दोन उमेदवारांपैकी एक आहात आणि तक्ताही तुम्हीच काढताय. हे बरोबर दिसत नाही, आणि तिकडच्या लोकांनी ते पहिल्याच दिवशी टिपलं असणार. उद्याच साहेबांना सांगा की एचआरची जागा तुम्ही ठरवणार नाही, ते बाहेरच्या कुणाला तरी बसवून ठरवू देत. आणि सह्यांची वही तिकडच्या एचआरवाल्याबरोबर मिळून करा. तुम्ही त्यांच्या गेटवर दोन आठवडे बसा, त्यांनी तुमच्या. ती जागा तुम्हाला मिळेल का, ते मला सांगता येणार नाही.

प्रश्न : मी मशीन ऑपरेटर. १९ वर्षं एकाच कंपनीत. आता कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली. म्हणतात, राजीनामा द्या, फुल अँड फायनल घ्या, नवीन कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर तयार आहे. पगार तोच. सगळे सह्या करतायत. करू का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : नका करू. निदान हा हिशेब वाचेपर्यंत तरी.

ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समजा ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा तुमचा आजचा पगार २६,००० आहे. म्हणजे वर्षाला १५,००० आणि १९ वर्षांचे २,८५,०००. आता समजा तुम्ही आणखी ९ वर्षं राहिलात आणि तेव्हा पगार ३९,००० झाला. सेवा अखंड धरली तर २८ वर्षांचे ६,३०,००० होतात. आज खातं बंद करून नवं उघडलंत तर आजचे २,८५,००० आणि नव्या ९ वर्षांचे २,०२,५००, मिळून ४,८७,५००. एका सहीची किंमत १,४२,५०० रुपये. शिवाय नव्या नोकरीची पाच वर्षं भरायच्या आत तुम्ही सोडून गेलात तर त्या वर्षांवर पाणी सोडावं लागेल ते वेगळंच.

कंपनी हस्तांतरित झाली म्हणून कामगाराला राजीनामा द्यावा लागतो असं कुठलाच कायदा म्हणत नाही. सेवेत खंड पडला नाही, शर्ती आधीपेक्षा वाईट झाल्या नाहीत, आणि उद्या कपात झालीच तर नव्या मालकानं जुनी वर्षंही धरून भरपाई द्यायची, या तिन्ही गोष्टी असतील तर नोकरी आपोआप पुढे चालू राहते. यातली एक जरी नसेल तर कपातीसारखी भरपाई मागता येते. विलीनीकरणाच्या योजनेत कर्मचाऱ्यांचं एक कलम असतं. त्या पानाची झेरॉक्स युनियनकडून किंवा एचआरकडून मागून घ्या. मग एचआरला एका ओळीचं पत्र द्या: "माझी सेवा रुजू झालेल्या तारखेपासून अखंड धरली जाईल असं नव्या पत्रात लिहावं." पोच घ्यायला विसरू नका. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक) तोच राहील ना, आणि पासबुकात जुन्या कंपनीच्या नावापुढे नोकरी सोडल्याची तारीख पडली आहे का, हे मोबाईलवर बघत राहा. आणि सगळे सह्या करतायत म्हणता, तर त्यांनाही हा हिशेब दाखवा. कँटीनच्या टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

प्रश्न : ताई, मी बाळंतपणाच्या रजेवर आहे, अजून अकरा आठवडे बाकी. आमची कंपनी विकली गेली. मैत्रिणीनं नव्या चार्टाचा फोटो पाठवला, त्यात माझ्या टीमचं नावच नाही. कुणी मला काही कळवलेलं नाही. रजा संपायची वाट बघू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात वाट बघू नकोस. चार्ट काढणारे समोर दिसणाऱ्यांची नावं आधी लिहितात. त्यात दुष्टपणा असतोच असं नाही, पण परिणाम तोच. या २६ आठवड्यांच्या काळात तुला काढून टाकणं किंवा तुझ्या नोकरीच्या शर्ती तुझ्या तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. कायदा तुझ्या बाजूला आहे. पण कायदा खुर्ची राखून ठेवायला ऑफिसात जाऊन बसत नाही, ते तुलाच करावं लागेल.

आज मेल टाक. तुझ्या जुन्या साहेबांना आणि नव्या कंपनीच्या एचआरला, एकाच मेलमध्ये. तीन वाक्यं पुरेत: मी अमुक तारखेला रुजू होणार आहे. नव्या रचनेत माझी जागा कोणती आणि मी कुणाला रिपोर्ट करायचं ते लेखी कळवावं. निवडीसाठी मुलाखती होत असतील तर फोनवरून मुलाखत द्यायची माझी तयारी आहे. मैत्रिणीच्या फोटोचा उल्लेख करू नकोस, ती बिचारी उगाच अडकेल. सुरुवातीला "त्रासाबद्दल क्षमस्व" लिहायचा मोह होईल, ते खोडून टाक. मुलाखतीची वेळ विचारली तर बाळ झोपतं ती वेळ सांग.